एलईडी दिवे आणि आरोग्य: घरातले बल्ब बदलताना काय लक्षात ठेवावे?

घरातले जुने बल्ब आणि ट्यूबलाइट काढून एलईडी लावले की विजेचे बिल कमी होते, हे सर्वांना माहीत आहे. ६० वॉटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. पण रुग्ण डॉक्टरांना बिलाबद्दल विचारत नाहीत. ‘या दिव्यांनी डोळे तर खराब होणार नाहीत ना?’ हा त्यांचा प्रश्न असतो.

डोळ्यांना अपाय होतो का?

पांढरा एलईडी मुळात निळा प्रकाश तयार करतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. भीती या निळ्या प्रकाशाची आहे. मात्र घरगुती दिव्यांतून मिळणारा निळा प्रकाश दिवसाच्या उघड्या आकाशापेक्षा खूपच कमी असतो. निरोगी व्यक्तीच्या दृष्टिपटलाला नेहमीच्या वापरात त्यामुळे इजा होते, असा पुरावा नाही.

त्रास होतो तो मुख्यतः दोन गोष्टींचा. पहिली म्हणजे झगमगाट. उघडा, प्रखर बल्ब थेट नजरेसमोर नको. त्यावर दुधी आवरण असावे. तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर तर असा दिवा मुळीच लावू नका. दुसरी गोष्ट म्हणजे थरथर. हलक्या प्रतीच्या काही दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना तो सहसा जाणवत नाही, पण काहींना डोकेदुखी होते आणि अर्धशिशी असलेल्यांना अधिक त्रास होऊ शकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहा. पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर नको.

झोपेचे काय?

संध्याकाळनंतर मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते आणि झोप येते. प्रखर, निळसर पांढरा उजेड ही वाढ रोखतो. म्हणून खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचा.

- २७०० ते ३००० केल्विन: पिवळसर उजेड. झोपण्याच्या खोलीसाठी योग्य.
- ४००० केल्विनच्या आसपास: स्वयंपाकघर आणि अभ्यासासाठी चालतो.
- ६५०० केल्विन: निळसर पांढरा. रात्री झोपण्यापूर्वीचे दोन तास टाळलेला बरा.

घरात ज्येष्ठ असतील तर

वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळसर होते. त्यामुळे साठीच्या पुढच्या व्यक्तीला वाचायला, चालायला तरुणांपेक्षा बराच जास्त उजेड लागतो. वीज वाचवण्यासाठी आजी-आजोबांच्या खोलीत मिणमिणता दिवा ठेवणे ही बचत नव्हे. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचे हाड मोडले तर पुष्कळांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत छोटे पिवळसर दिवे लावा. त्यांना लागणारी वीज नगण्य असते. आणि बल्ब बदलण्यासाठी ज्येष्ठांनी स्वतः स्टुलावर चढू नये. जो चढेल त्याने आधी मेन स्विच बंद करावा.

जुने सीएफएल फुटले तर

सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो, एलईडीमध्ये नसतो. काढताना दिवा फुटला तर घाबरू नका. मुलांना बाहेर न्या, पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा मिनिटे खोलीबाहेर थांबा. नंतर हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने किंवा ओल्या कागदाने टिपा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा पसरतो. सगळे घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ई-कचरा केंद्रात द्या.

दोष दिव्याचा नसेल तर?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘नवा दिवा लावल्यापासून डोळ्यांवर चमक येते’ म्हणून लोक बल्ब बदलत राहतात आणि खरा आजार मागे राहतो. पुढील लक्षणे असतील तर डोळे तपासून घ्या:

- सगळ्याच दिव्यांचा उजेड फाकल्यासारखा दिसणे, रात्री समोरच्या वाहनांच्या दिव्यांनी दिपणे. हा मोतीबिंदू असू शकतो.
- दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसणे आणि सोबत डोळा दुखणे, लाल होणे, मळमळणे. हा तीव्र काचबिंदू असू शकतो. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर रुग्णालयात जा. उशीर झाल्यास गेलेली दृष्टी परत येत नाही.
- दिवे बंद असतानाही डोळ्यांपुढे विजेसारखी चमक येणे, अचानक काळे ठिपके वाढणे किंवा पडदा आल्यासारखे वाटणे. दृष्टिपटल सुटत असण्याची शक्यता असते. हीदेखील तातडीची बाब आहे.

दिवा बदलून पाहायला हरकत नाही. पण खोली बदलली, दिवा बदलला आणि त्रास तसाच राहिला, तर तपासायचा तो डोळा.