ओव्हरलोडिंग म्हणजे मल्टिपल डिस्पॅच नव्हे

जावा शिकवताना एक विधान सर्रास केले जाते: एकाच नावाच्या अनेक मेथड लिहिता येतात (हे ओव्हरलोडिंग), कॉल करताना सगळ्या आर्ग्युमेंटांचे टाइप पाहून त्यांतली एक निवडली जाते, तेव्हा जावात मल्टिपल डिस्पॅच आहेच. हा पूर्वपक्ष वाटतो तितका पोरकट नाही. निवड खरोखरच सगळ्या आर्ग्युमेंटांवरून होते, आणि ‘सिंगल’, ‘मल्टिपल’ ही नावे संख्येपलीकडे काही सांगत नाहीत. नुसती नावे ऐकून कोणी आर्ग्युमेंटे मोजू लागला, तर त्याला फार दोष देता येत नाही.

प्रश्न आहे तो टाइप कोणाचा, हा. व्हेरिएबल घोषित करताना लिहिलेला टाइप वेगळा आणि प्रोग्राम चालताना त्यात असलेल्या ऑब्जेक्टचा टाइप वेगळा. आर्ग्युमेंटांच्या बाबतीत जावा पहिला पाहते. दुसरा पाहते तो फक्त डॉटच्या डावीकडच्या ऑब्जेक्टचा. डिस्पॅचमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ऑब्जेक्टावरून मेथड निवडण्यात, जमेस धरायचा तो हा दुसरा. त्या हिशेबाने ओव्हरलोड कितीही लिहा, जावा सिंगल डिस्पॅचचीच भाषा राहते.

हा शब्दच्छल नव्हे. यातून खरे बग निघतात. नवखा प्रोग्रामर ‘पॉइंट’ क्लासात ‘इक्वल्स’ लिहितो आणि पॅरामीटर ‘पॉइंट’ घेतो. मूळ ‘इक्वल्स’चा पॅरामीटर मात्र ‘ऑब्जेक्ट’ आहे. दोन पॉइंट थेट ताडून पाहिले की उत्तर बरोबर येते. पण एक पॉइंट हॅशसेटमध्ये टाकून त्याच सहनिर्देशकांचा दुसरा पॉइंट आत आहे का विचारा: हॅशकोड नीट लिहिलेला असूनही ‘नाही’. आतल्या कोडमध्ये घोषित टाइप ‘ऑब्जेक्ट’ असतो, त्यामुळे नवी मेथड विचारातच घेतली जात नाही. दोन्ही वस्तू अस्सल पॉइंट असूनही! मल्टिपल डिस्पॅच असता तर ही चूक संभवलीच नसती. ओव्हरराइडची खूण लावली की कंपायलर ती पकडतो, पण तो वेगळा बंदोबस्त झाला.

अधिक स्वच्छ पुरावा सी शार्पचा. 2010 च्या चौथ्या आवृत्तीत तिथे ‘डायनॅमिक’ हा टाइप आला. ओव्हरलोड तेच, आर्ग्युमेंटांची संख्या तीच. फक्त आर्ग्युमेंटे ‘डायनॅमिक’ घोषित करा, आणि निवड प्रत्यक्ष ऑब्जेक्टांवरून होऊ लागते. संख्या न बदलता वर्तन बदलले, म्हणजे भेदाचे मूळ संख्येत नव्हते.

व्हिजिटर पॅटर्नने जावात मल्टिपल डिस्पॅच आणता येतो, हा दुसरा पूर्वपक्ष जास्त सावध आहे. त्यामागचे तंत्र डॅन इंगॉल्स यांनी 1986 साली स्मॉलटॉकमध्ये मांडले होते: पहिल्या ऑब्जेक्टने दुसऱ्याला उलट मेसेज पाठवायचा आणि त्या मेसेजच्या नावातच आपला टाइप सांगायचा. याला डबल डिस्पॅच म्हणतात आणि ते नाव चोख आहे, कारण हे दोन सिंगल डिस्पॅच आहेत, एकापाठोपाठ. काम भागते, पण नवा टाइप आला की प्रत्येक व्हिजिटरमध्ये मेथड वाढवावी लागते. कॉमन लिस्पच्या ‘क्लॉस’ या ऑब्जेक्ट सिस्टिममध्ये मेथड क्लासाच्या मालकीची नसून जेनेरिक फंक्शनची असते, त्यामुळे टाइपांच्या नव्या जोडीसाठी मेथड जुन्या क्लासांना हात न लावता बाहेरून लिहिता येते. भाषा देते ती सोय आणि प्रोग्रामर हाताने रचतो ती युक्ती यांना एकच नाव देऊ नये.

ओव्हरलोडिंग आणि डिस्पॅच यांत फरक काय, याचे आपल्या अभ्यासक्रमांत ठरलेले उत्तर असते: ओव्हरलोडिंग ‘कंपाइल-टाइम’, ओव्हरराइडिंग ‘रन-टाइम’. तेही पुरते खरे नाही. 2012 साली जाहीर झालेल्या ज्युलियात मल्टिपल डिस्पॅच भाषेच्या गाभ्याशी आहे. नुसत्या अधिकचिन्हाच्या शंभराहून अधिक मेथड आहेत. तरीही टाइप आधीच ताडता आले, तर तिचा कंपायलर निवड अगोदरच उरकून टाकतो. म्हणून तो डिस्पॅच ओव्हरलोडिंग ठरत नाही. निवड केव्हा उरकली हा वेगाचा प्रश्न. घोषित टाइप ढिला केल्यावर उत्तर बदलते का, हा अर्थाचा. जावात ते बदलते, ज्युलियात बदलत नाही.