मांडावरची गाणी

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील गुंद हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, जंगल आणि सुपारीच्या बागा यांच्या मधोमध वसले आहे. तालुक्यातच डिग्गीजवळ काळी नदी उगम पावते. घाट उतरून ती कारवारपाशी समुद्राला मिळते. याच वाटांनी माणसे, मीठ, देव आणि गाणी शतकानुशतके वरखाली होत राहिली. कुणबी, मराठा, गवळी धनगर, सिद्दी आणि हव्यक अशा समाजांची इथे सरमिसळ असल्याने घरात कोकणी किंवा मराठी, बाजारात कानडी आणि देवासमोर तिन्हींचे मिश्रण असा प्रकार आढळतो. या मुलखात नाचताना म्हणायच्या गाण्यांची परंपरा मोठी आहे. मात्र तिचा इतिहास कुठल्या एका राज्याच्या हद्दीत सांगून पुरा होत नाही. त्यासाठी घाटाखालचे गोव्यातले काणकोण, सांगे आणि सत्तरीही विचारात घ्यावे लागतात.

आजचा जोयडा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. हा टापू सोंद्याच्या राजांच्या अमलाखाली होता आणि घाटाखालचे फोंडे व काणकोणही त्यांच्याच ताब्यात होते. १७६३ च्या सुमारास हैदर अलीने सोंदे जिंकले, तेव्हा राजाने गोव्याचा आश्रय घेतला आणि त्याचे घाटाखालचे महाल पोर्तुगिजांकडे गेले. घाटावरचा भाग पुढे टिपू सुलतानाच्या पाडावानंतर, १७९९ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. कानडा जिल्ह्याचा हा उत्तर भाग १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. सुप्यात मराठी शाळा, मराठी भजन आणि मराठी ओवी रुजलेली दिसते, त्यामागे या जवळपास शंभर वर्षांच्या मुंबई संबंधाचाही हात आहे. सोंद्याचे राज्य दोन तुकड्यांत वाटले गेले तरी बायकांची गाणी दोन्ही तुकड्यांत सारखीच राहिली. सरहद्दीची पाटी बहुधा गाण्याला वाचता येत नसावी.

इथल्या कुणब्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज गोव्यातून वर आले. गोव्याच्या जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या महालांत, १६ व्या शतकापासून धर्मांतराचा दबाव होता. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने एक फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला शिकावे, असे बजावले. ते जमले नाही, जमण्यासारखे नव्हतेच. पण १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काढलेला हुकूम थेट घरात शिरला. तुळस, विडा, हळद, धोतर आणि चोळी यांच्यासह लग्नातल्या ओव्यांवरही त्याने बंदी घातली. गाण्याच्या इतिहासकाराला या हुकुमाचा उलटाच उपयोग होतो. त्या काळी लग्नघरात बायका ओव्या गात होत्या आणि त्या इतक्या रुजलेल्या होत्या की त्या मोडण्यासाठी फर्मान काढावे लागले, हे त्यातूनच कळते. सोंदेकरांकडून आणि इतरांकडून पुढे मिळालेल्या नव्या काबिजादीत हा बडगा पोचला नाही. म्हणून धालो, फुगडी आणि शिगमो या नाचगाण्यांची जुनी रूपे आजही सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ पट्ट्यात जास्त सापडतात, आणि घाटावरचा जोयडा हा त्याच पट्ट्याला लागून असलेला वरचा प्रदेश.

या सगळ्यांत फुगडी सर्वदूर आहे. तिला वाद्य लागत नाही, ताल श्वासाने धरायचा असतो. नाच रंगात आला की बायका तोंडाने ‘फू’ असा आवाज काढतात आणि त्या फुंकेवरच गती वाढत जाते. सुरुवात संथ होते, गाणे ठायीत चालते, पावले मोजून पडतात. मग शब्द तुटक होतात, शेवटी शब्द गळून पडतात आणि उरतो तो नुसता श्वास. गाण्याची रचनाही या चालीला साजेशी असते. ओळी लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आणि नवी ओळ जागच्या जागी जोडता येईल अशा. सासर, माहेर, नणंद, दीर, शेतातले काम, एखाद्या घरचा ताजा प्रसंग असे सगळे त्यात येते. म्हणून एकाच फुगडीचे पाठ वाडीगणिक वेगळे मिळतात आणि त्यातला ‘खरा’ पाठ कोणता, हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नसतो.

फुगडीची साहित्यातली नोंद मात्र जुनी आहे. १६ व्या शतकात एकनाथांनी फुगडीवर भारूड रचले आणि १७ व्या शतकात तुकारामांनी फुगडी, हमामा, टिपरी, हुतुतू अशा खेळांवर अभंग लिहिले. खेळ घरोघर माहीत असल्याशिवाय त्याचे रूपक कोणी करीत नाही. तेव्हा फुगडीचे वय या रचनांहून बरेच जास्त असणार. देशावर ती मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा-पिंग्याच्या सोबतीने आली, तर कोकण, गोवा आणि जोयड्याच्या बाजूला ती चवथीच्या, म्हणजे भाद्रपदातल्या गणपतीच्या अंगणात स्थिरावली. धनगर बायकांची कळशी फुगडी यांहून निराळी असते. त्यात तांब्याची कळशी हातात घेऊन तिच्या तोंडात फुंकर घालत नाचतात. चित्पावनांच्या घरी आश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे बायका घागर फुंकतात, तिच्याशी या कळशीचे नाते उघड आहे. डोंगरातली गवळ्याची झोपडी आणि ब्राह्मणाचे माजघर यांत एरवी देवाणघेवाण कमी, पण घुमणाऱ्या भांड्यातून देवीला बोलावण्याची कल्पना दोघांकडे आहे.

धालो हा प्रकार याहून बांधीव आहे. पौषातल्या चांदण्या रात्री, भाताची कापणी-मळणी आटोपल्यावर, गावच्या बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे साधे अंगण नव्हे. ती ठरलेली, सारवलेली, देवत्व असलेली जागा असते आणि धालोच्या दिवसांत पुरुषांनी तिच्यावर पाऊल ठेवायचे नसते. बायका समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफतात आणि कमरेत वाकत पुढे-मागे होतात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. आधी धरतरीला आणि वनदेवतेला आळवायचे, मग घरसंसाराच्या गाण्यांना वाट मोकळी. खेळ पाच, सात किंवा नऊ रात्री चालतो. शेवटच्या रात्री सोंगे निघतात, काही बायकांच्या अंगात येते, त्यांना रंभा म्हणतात, आणि मांड मोडण्याचे विधी होऊन उत्सव संपतो. भाषा कोकणी आणि मराठी यांच्या सीमेवरची असते. व्याकरण कोकणी, छंद ओवीचा, देवांची नावे दोन्हीकडची. गोव्याच्या लोककलांचा मराठीतून धांडोळा घेणाऱ्या विनायक खेडेकरांच्या ‘लोकसरिता’ने आणि जयंती नायक यांच्या कोकणीतल्या संकलनांनी ही गाणी कागदावर आणली.

मांडाचे हे जागेशी बांधलेपण समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. धालोचे गाणे पौष सोडून गात नाहीत आणि मांड सोडून नाचत नाहीत. ते पाठ असलेल्या बाईलाही आषाढात म्हणून दाखव म्हटले तर ती कचरते. गाणे तिच्या डोक्यात असले तरी ते गाण्याचा अधिकार जागेचा आणि तिथीचा असतो.

पुरुषांचा हंगाम फाल्गुनात येतो. शिगम्याला वाजणारे मुख्य वाद्य म्हणजे घुमट. मातीचे मडके, एक तोंड मोठे, एक लहान, आणि मोठ्या तोंडावर पारंपरिक रीतीने घोरपडीचे कातडे ताणलेले. सुरुवात नमनाने होते. त्यात ग्रामदैवत, सीमेवरचे राखणदार, चारी दिशा यांना हाक मारून मगच नाच उभा राहतो. तालगडी, गोफ, तोणयांमेळ हे त्याचे गोव्यातले प्रसिद्ध प्रकार. तोणयांमेळात हातातल्या काठ्या एकमेकींवर आपटून ताल धरतात. घाटाच्या पश्चिमेला, अंकोल्याच्या बाजूला, हालक्की वक्कलांची सुग्गी याच दिवसांत डोक्यावर रंगीत तुरे चढवून नाचली जाते. हालक्कींच्या गाण्यांचा प्रचंड साठा मुखोद्गत असलेल्या सुक्री बोम्मगौडा यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

जोयडा, हल्याळ आणि यल्लापूरच्या जंगलातले सिद्दी हे पोर्तुगिजांनी आणि इतरांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज. त्यांचे डमाम हे ढोलासारखे वाद्य त्यांचेच. पण त्यांच्या बायका फुगडीही घालतात, आणि ती इथल्याच मातीतली आहे. हव्यकांच्या घरी कानडी हसेगाणी आणि रात्रभराचे यक्षगान असते. तिथे गाणारा भागवत वेगळा, नाचणारा वेगळा. म्हणून ती परंपरा या लेखाच्या कडेने जाते. उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या यात्रेला माघात उत्तर कर्नाटकातून बैलगाड्या येतात, त्यांच्यासोबत येणाऱ्या वचनांचाही कान इथल्या लोकांना आहे.

या गाण्यांची एक शहरी, लिहिलेली बहीण गोव्याच्या किनारी १९ व्या शतकात जन्मली. साष्टीतल्या ख्रिस्ती जमीनदारांच्या दिवाणखान्यात मांडो आकाराला आला. व्हायोलिन आणि घुमट यांच्या साथीने, पंखा हाती घेऊन, जोडीजोडीने नाचायचे विरहगीत. त्याच्यासोबत दुल्पद आणि देखणी हे चटपटीत गीतप्रकार आले. कार्लुस एउजेनिउ फेरैरा यांनी १८९५ मध्ये पॅरिसमध्ये छापलेली एक देखणी आजही सर्वांच्या ओठी आहे. त्यात नदीपलीकडे दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण नावाड्याला पार नेण्यासाठी विनवते. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात तिचीच चाल वापरली गेली. म्हणजे ख्रिस्ती संगीतकाराने देवळातल्या नर्तिकेचे गाणे लिहिले आणि हिंदी सिनेमाने ते देशभर नेले. गोव्याच्या वाजंत्र्यांना मुंबईला नेणारा आगगाडीचा रस्ता जोयडा तालुक्यातूनच जातो. १८८८ मध्ये मुरगावहून निघालेला लोहमार्ग कॅसलरॉकला ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला मिळाला. पुढच्या दोन पिढ्यांत त्याच वाटेने व्हायोलिन, ट्रम्पेट आणि पियानो वाजवणारे गोवेकर मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोचले.

गोव्यात व्हायोलिन रुजले तशी पोर्तुगीजांबरोबर गेलेल्या तंतुवाद्यांची दुसरी शाखा त्याच सुमारास पॅसिफिकमध्ये निघाली होती. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेइरा बेटांवरून उसाच्या मळ्यांत कामाला गेलेल्या मजुरांनी हवाई बेटांवर लहान गिटारसारखे वाद्य नेले आणि त्यातून उकुलेले घडले. हवाईत नाचासाठी म्हणायच्या गाण्याला ‘मेले हुला’ म्हणतात आणि नाचाला ‘हुला’. तिथेही ताल धरणारे मुख्य वाद्य पोकळ असते, सुकवलेला भोपळा किंवा कातड्याचा पाहू. मिशनऱ्यांच्या सल्ल्याने राणी काआहुमानुने १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली, आणि राजा कालाकौआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकाच्या समारंभात तो पुन्हा उजेडात आणला. त्याची बहीण लिलिउओकालानी हिने १८७८ मध्ये रचलेले निरोपाचे गाणे हवाईची ओळख बनले. गोव्यात तोर्कवातु द फिगैरेदुचा निरोपाचा मांडो कार्यक्रमाच्या शेवटी गायची रीत आहे. दोन्ही ठिकाणी परकी सूर देशी शब्दांना चिकटले आणि ताटातूट हाच विषय लोकांना जास्त भावला. फरक मात्र नजरेआड करू नये. हुलाच्या पुनरुज्जीवनामागे राजा उभा राहिला, १९६४ पासून हिलो इथे त्याचा वार्षिक उत्सव भरतो. धालो आणि फुगडीच्या मागे ना राजा होता, ना दरबार. त्या चालू राहिल्या त्या मांडाच्या आणि अंगणाच्या जोरावर.

घाटावर मांडाच्या पायाखालची जमीनच अनेकदा सरकली. कुणबी कुमरी पद्धतीने, जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, काही वर्षे नाचणी पिकवून पुढे सरकत शेती करीत. इंग्रजांच्या वनखात्याने १९ व्या शतकात या पद्धतीवर एकामागून एक निर्बंध आणले आणि नाचणीच्या त्या हंगामाशी जोडलेली गाणी कामावाचून उरली. त्याहून मोठा धक्का धरणाचा. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर वसलेले सुपा हे तालुक्याचे ठाणे १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या पाण्याखाली गेले. १९७४ मध्ये सुरू झालेले काम १९८७ मध्ये पुरे झाले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले, विस्थापितांपैकी अनेकांना रामनगरात जागा मिळाली. सरकारी पंचनाम्यात घर, झाड आणि विहीर यांची किंमत मांडता येते, पण धालोच्या जागेसाठी रकाना नसतो. नव्या वसाहतीत अंगणे मिळाली. मांड मात्र वाटून देता येत नाही, तो पिढ्यांच्या वापराने होतो.

२००३ मध्ये गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी उत्तर कन्नडच्या सिद्दींनाही तो मिळाला, जोयड्याचे कुणबी मात्र अजून मागणी करत आहेत. या मागणीमुळे गाण्याला नवे काम आले आहे. आपण कोण हे दाखवण्यासाठी खांद्यावर गाठ मारलेली साडी, घुमट आणि फुगडी मंचावर आणली जाते. जोयड्यात भरणाऱ्या कंदमुळांच्या मेळ्यात कोनफळांच्या राशींशेजारी फुगडीही रंगते. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य ठरवले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यामुळे त्याला आता बकऱ्याचे कातडे लावतात, आणि जुन्या वादकांना त्या आवाजातला फरक लगेच कळतो. मंचावर फुगडीची घडणही बदलते. अंगणात तिचा फेर सगळीकडून बंद असतो, बायका एकमेकींकडे तोंड करून नाचतात आणि बाहेरच्याला त्यांच्या पाठीच दिसतात. समोर प्रेक्षक असले की तो फेर एका बाजूने उघडावा लागतो.