कौटुंबिक एसयूव्हीचा वाढलेला इंधनखर्च : निदान आणि उपाय

महाराष्ट्रात नव्या गाडीविषयीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ अमेरिकेत आल्यावर तो मागे पडतो आणि चर्चा मासिक हप्ता, विमा व आसनसंख्या यांभोवती फिरू लागते. मग एखाद्या हिवाळ्यात दहा दिवस पुरणारी टाकी आठवड्यातच रिकामी होते आणि जुना प्रश्न पुन्हा आठवतो. वर्षाला १२,००० मैल धावणारी गाडी प्रति गॅलन २५ मैलांऐवजी २० मैल देऊ लागली, तर ४८० गॅलनच्या जागी ६०० गॅलन पेट्रोल लागते. हा १२० गॅलनचा भुर्दंड टाळता येतो. मात्र त्यासाठी दुरुस्तीपूर्वी निदान व्हायला हवे.

आधी मोजमाप

डॅशबोर्डवरील आकड्यावर विसंबू नये. टाकी पूर्ण भरून ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत इंधन भरावे आणि धावलेल्या मैलांना भरलेल्या गॅलनांनी भागावे. अशा सलग तीन टाक्यांची सरासरी विश्वासार्ह ठरते. आखाती देशांतील वाचकांनी २३५ या संख्येला अमेरिकी आकड्याने भागावे, म्हणजे दर १०० किलोमीटरला लागणारे लिटर मिळतात. २५ मैल प्रति गॅलन म्हणजे सुमारे ९.४ लिटर. ब्रिटनमधील गॅलन मोठा, ४.५५ लिटरचा असल्याने तेथील आकड्यांशी थेट तुलना करू नये. तुलना शक्यतो आपल्याच गाडीच्या गतवर्षीच्या त्याच ऋतूतील नोंदीशी करावी.

गाडी निर्दोष असतानाची कारणे

अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, तापमान ७७ अंश फॅरनहाइटवरून २० अंशांवर उतरल्यास पेट्रोल गाडीचे शहरातील मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घटते. तीन-चार मैलांच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. शाळा, किराणा आणि रविवारची मराठी शाळा एवढाच प्रवास असेल, तर इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. घरातूनच गाडी सुरू करून पंधरा मिनिटे तापवत ठेवण्याची सवयही महाग पडते. उभ्या गाडीचे इंजिन तासाला पाव ते अर्धा गॅलन इंधन जाळते.

ताशी ५० मैलांपुढे हवेचा अवरोध झपाट्याने वाढतो. भारतातून आई-वडील आले असताना सहलीसाठी छतावर बसवलेली सामानाची पेटी ते परतल्यावरही तशीच राहिली, तर महामार्गावरील वेगाने मायलेज १० ते २५ टक्क्यांनी घटू शकते. प्रवास संपताच ती उतरवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

टायर आणि ब्रेक

टायरमधील हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो. टायरच्या कडेवर असतो तो कमाल दाब. तो प्रमाण मानू नये. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरले की दाब साधारण एक पीएसआयने घटतो. धोक्याचा दिवा मात्र दाब सुमारे २५ टक्के घटल्यावरच लागतो. म्हणून महिन्यातून एकदा, टायर थंड असताना दाब मोजावा.

प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल, जळका वास येत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ब्रेकचा कॅलिपर अडकल्याची शक्यता असते. चाकाला हात लावू नये आणि अशी गाडी चालवूही नये. येथे प्रश्न इंधनाचा न राहता कुटुंबाच्या सुरक्षिततेचा होतो.

इंजिनची तपासणी

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत ओबीडी-दोन ही निदानयंत्रणा असते. स्टिअरिंगखालील जोडणीला छोटा स्कॅनर लावून दोषसंकेत वाचता येतात. सुटे भाग विकणारी अनेक दुकाने ते विनामूल्य वाचून देतात. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिनमध्ये ज्वलन चुकत असते आणि न जळलेल्या इंधनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

पी०१२८ हा संकेत इंजिन पुरेसे तापत नसल्याचे सांगतो. बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो आणि संगणक इंजिन थंड समजून अधिक इंधन सोडत राहतो. हीटरची हवा कोमट येणे ही त्याची घरगुती खूण. पी०१७२ हा संकेत मिश्रणात इंधन जास्त असल्याचे दाखवतो. ऑक्सिजन सेन्सर, हवामापक सेन्सर किंवा गळका इंजेक्टर हे त्यातील संशयित. मात्र संकेत केवळ लक्षण सांगतो, बदलायचा भाग नव्हे.

खर्च करण्यापूर्वी

प्रस्तुत लेखकाच्या सात आसनी गाडीचे मायलेज घटले, तेव्हा एका गॅरेजने संकेत न वाचताच इंजेक्टर-सफाई आणि नवा एअर फिल्टर गळ्यात मारला. मायलेज जागचे हलले नाही. दोष थर्मोस्टॅटमध्ये निघाला. आधुनिक इंजेक्शन इंजिनात फिल्टर बदलल्याने इंजिनचे रक्षण होते, पण मायलेज सहसा वाढत नाही. म्हणून दुरुस्तीला होकार देण्यापूर्वी ‘हा भाग सदोष आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरवले?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनच्या संगणकाला संघीय नियमांनुसार ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, हमी असते. तिची मुदत तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत. एका वेळी एकच बदल करून पुन्हा तीन टाक्या मोजाव्यात. नेमका दोष कशात होता, हे त्या नोंदीवरून कळते.