पन्हळ

पावसाळ्यापूर्वी कोकणात कौलांखाली पन्हळ बसवतात. हल्ली पत्र्याची, पूर्वी चिरलेल्या पोफळीची. संस्कृत ‘प्रणाल’ म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट. प्राकृतात ‘प्र’चा ‘प’ झाला, मराठीत मधे ‘ह’ शिरला आणि पन्हळ आली.

दापोली तालुक्यातलं पन्हाळे काजी हे गाव याच कुळातलं. शके 1061च्या (इ.स. 1139) शिलाहार ताम्रपटात त्याचं नाव ‘प्रणालक’ आहे. कोटजाई नदीच्या काठी, डोंगरांच्या बेचक्यात वसलेल्या गावाला दुसरं कुठलं नाव शोभलं असतं!

तिथे 29 लेणी आहेत. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी त्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. आरंभ इ.स.च्या तिसऱ्या शतकातला, हीनयान बौद्धांचा. आजच्या पाचव्या लेण्यातल्या स्तूपापासून. दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयानी आले, त्यांनी दहाव्या लेण्यात महाचंडरोषण हा उग्र देव पूजला. मग शैव, गाणपत्य, नाथपंथी. कोकणातली बहुतेक लेणी लोककथेने पांडवांच्या नावावर केली, तीही एका रात्रीत कोरून. इथे तर काम हजारएक वर्षं चाललं होतं. गावाच्या नावातला ‘काजी’ मात्र अरबीतून आला.