छापील किडनीची किंमत : प्रिंटर स्वस्त, पेशी महाग

"किडनी म्हणे आता छापून मिळते, खर्च किती येतो?" डायलिसिसवरील रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर आधीच देतो : रोपणासाठी छापील किडनी आज जगात कुठेही मिळत नाही, त्यामुळे तिला भावही नाही. मात्र पैसा नेमका कुठे लागतो, हे या तंत्राच्या इतिहासातून समजते.

अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठात थॉमस बोलंड यांनी ऑफिसात असतो तसला इंकजेट प्रिंटर घेऊन त्यात शाईऐवजी जिवंत पेशी भरल्या. २००३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे यंत्र ही मोठी अडचण नव्हतीच.

खरा खर्च पेशी वाढवण्याचा. २००६ मध्ये अँथनी अटाला यांनी ७ रुग्णांत प्रयोगशाळेत तयार केलेले मूत्राशय बसवल्याचे प्रसिद्ध केले. ते छापलेले नव्हते. साच्यावर पेशी पेरल्या होत्या. प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या पेशी काढून कित्येक आठवडे वाढवाव्या लागल्या. निर्जंतुक प्रयोगशाळा, पोषक द्रव, कुशल हात, सगळे एकेका रुग्णासाठी! अशा कामात घाऊक उत्पादनाची स्वस्ताई कठीण.

शिवाय मूत्राशय म्हणजे पातळ पिशवी. एका किडनीत सुमारे १० लाख गाळण्या असतात आणि प्रत्येकीला रक्तवाहिन्या लागतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाला हृदय छापण्याच्या संशोधनासाठी २.६३ कोटी डॉलर, म्हणजे दोनशे कोटी रुपयांहून अधिक, मंजूर झाले. पाच वर्षांतले उद्दिष्ट? ते हृदय डुकरात बसवणे. माणसाची पाळी त्यानंतर.

तंत्र साधले तरी पैसे कोण भरणार, हा प्रश्न उरतोच. १९६० मध्ये सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी दीर्घकाळ डायलिसिस शक्य केले. पण जागा मोजक्या आणि खर्च अफाट. डायलिसिस कोणाला द्यायचे, म्हणजे कोणी जगायचे, हे नागरिकांची एक समिती ठरवू लागली. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारने खर्चाचा भार उचलणारा कायदा केला, तेव्हा कुठे ते सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले.

म्हणून छापील किडनीची वाट पाहत प्रत्यारोपणाची नावनोंदणी लांबवू नका. त्यासाठी कोणी आगाऊ पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. आणि ज्यांची किडनी अजून चांगली आहे, त्यांनी रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवावी. किडनी वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.