लूप आधीच चालू आहे: पायथनच्या असिंकआयओचा इतिहास आणि आपला डेटा

ज्युपिटर नोटबुकमध्ये असिंकआयओ शिकायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक एरर भेटतेच. ट्युटोरियल सांगतं की मुख्य फंक्शन असिंकआयओच्या 'रन'ला द्या. आपण देतो, आणि उत्तर येतं की इव्हेंट लूप चालू असताना रन बोलावता येत नाही. आता आपण तर कुठलाच लूप सुरू केलेला नसतो! तीच फाइल टर्मिनलवरून चालवली तर निमूट चालते. मग बहुतेक जण इंटरनेटवरून दोन ओळींचा उपाय कॉपी करतात, एरर जाते आणि विषय संपतो.

पण तो लूप आला कुठून? हे समजायला पायथनची वीसेक वर्षं मागे जाऊन बघावी लागतात. आणि तिथे गेलो की दुसऱ्या एका प्रश्नाचंही उत्तर सापडतं, जो संशोधन करणाऱ्यासाठी या एररपेक्षा जास्त गंभीर आहे: आपण 600 रेकॉर्ड मागवले आणि हातात 597च आले, तर ते आपल्याला कळेल का?

वाट बघण्याचा खर्च

आपली स्क्रिप्ट सर्व्हरकडे फाइल मागते तेव्हा ती बहुतेक वेळ काहीच करत नसते. विनंती गेली, उत्तर यायला दोन सेकंद लागले, ते दोन सेकंद प्रोसेसर रिकामा. एका फाइलला हे चालतं. शेकडो फाइल्स असल्या, किंवा उलट बाजूने एकाच सर्व्हरला हजारो लोक चिकटले, की हा रिकामा वेळ महागात पडतो.

सरळ उपाय म्हणजे प्रत्येक कनेक्शनला एक वेगळा थ्रेड. पण प्रत्येक थ्रेडला स्वतःचा स्टॅक लागतो. समजा एका थ्रेडसाठी 2 एमबी जागा राखून ठेवली, तर 10,000 थ्रेडना 20 जीबी लागणार, आणि 32 बिट यंत्राला पत्तेच मुळी 4 जीबीचे देता येतात. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी हाच प्रश्न 'सी-टेन-के' या नावाने मांडला: एका सर्व्हरने एकाच वेळी 10,000 ग्राहक कसे सांभाळायचे?

उत्तराचा कच्चा माल ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून होता. 1983 च्या 4.2 बीएसडी युनिक्समध्ये 'सिलेक्ट' ही सोय आली. तिला सॉकेटची यादी द्यायची आणि विचारायचं, यातलं कोण तयार आहे? जे तयार आहे त्याचं काम उरकायचं, पुन्हा यादी द्यायची, पुन्हा विचारायचं. हे चक्र म्हणजेच इव्हेंट लूप. सिलेक्टची अडचण अशी की ती दर खेपेला अख्खी यादी तपासते. म्हणून फ्रीबीएसडीमध्ये 2000 साली 'केक्यू' आणि लिनक्समध्ये 2002 साली 'ई-पोल' आलं. ही दोन्ही फक्त तयार असलेल्यांचीच नावं परत देतात.

मिसळीच्या छोट्या हॉटेलात एकच पोऱ्या दहा टेबलं सांभाळतो ते असंच. तो एका टेबलाची ऑर्डर आत सांगतो आणि ती येईपर्यंत तिथेच उभा राहत नाही, दुसऱ्या टेबलाकडे वळतो. पण त्यालाच कुणी कांदा चिरायला बसवलं, तर दहाही टेबलं खोळंबतात. लूपची ताकद आणि मर्यादा दोन्ही यात आल्या. वाट बघण्याचं काम असेल तर लूप कामाचा. मॅट्रिक्स फिरवायचं किंवा सिम्युलेशन चालवायचं असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

पहिल्या लायब्ररी

पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत 1999 च्या 1.5.2 आवृत्तीत 'असिंककोर' आलं. ते मूळ सॅम रशिंग यांच्या मेडुसा या वेब सर्व्हरमधलं. सिलेक्टवर बसवलेलं पातळ आवरण, त्यापलीकडे फारसं काही नाही.

2002 मध्ये ट्विस्टेड आली. ग्लिफ लेफ्कोविट्झ यांना अनेक जण एकत्र खेळू शकतील असा मजकुरी खेळ बनवायचा होता, त्या धडपडीतून ही लायब्ररी उभी राहिली. ट्विस्टेडने लूपला 'रिॲक्टर' म्हटलं आणि 'डिफर्ड' नावाची वस्तू दिली. डिफर्ड म्हणजे अजून न आलेल्या उत्तराची पावती. उत्तर आलं की कोणतं फंक्शन चालवायचं आणि गडबड झाली तर कोणतं, हे त्या पावतीवर नोंदवून ठेवायचं.

काम होत होतं, पण कोड वाचणं अवघड झालं. 'आधी यादी आण, मग त्यातली प्रत्येक फाइल आण, मग जतन कर' हे तीन ओळींचं काम तीन वेगळ्या कॉलबॅक फंक्शनमध्ये विखुरलं जायचं. वरून खाली वाचत गेलं की काय घडतंय ते कळावं, ही साधी सोय गेली.

2009 मध्ये दोन गोष्टी घडल्या. फ्रेंडफीड कंपनी फेसबुकने विकत घेतली आणि तिचा टोर्नेडो हा वेब सर्व्हर सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायन डाल यांनी बर्लिनमध्ये नोड-जेएस सादर केलं. इथे एक फरक नीट लक्षात घ्या. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला लूपची सवय जन्मापासून होती, त्यामुळे नोडमध्ये 'लूप कुणाचा?' हा प्रश्नच आला नाही. पायथनमध्ये मात्र ट्विस्टेडचा लूप वेगळा, टोर्नेडोचा वेगळा, जी-इव्हेंटचा वेगळा. आणि लूप स्वभावाने एकटा असतो. एका थ्रेडमध्ये 'आता कोणाचं काम करायचं' हे ठरवणारा एकच असू शकतो. म्हणून ट्विस्टेडसाठी लिहिलेला डेटाबेस ड्रायव्हर टोर्नेडोत सरळ वापरता येत नव्हता. हा आवडीनिवडीचा वाद नव्हता, रचनेतूनच आलेली अडचण होती.

जनरेटरमधून निघालेली वाट

कॉलबॅकच्या गुंत्यातून सुटका एका अनपेक्षित जागेवरून झाली. पायथन 2.2 (2001) मध्ये जनरेटर आले होते. मोठी यादी एकदम न बनवता एकेक घटक द्यायचा, एवढाच त्यांचा हेतू. पण 'यील्ड'वर फंक्शन मध्येच थांबतं, आपले सगळे व्हेरिएबल जपून ठेवतं आणि पुन्हा बोलावलं की तिथूनच पुढे चालतं. लूपसाठी हेच तर हवं होतं!

ही कल्पना नवी नव्हती. मेल्विन कॉन्वे यांनी 1963 च्या त्यांच्या पेपरमध्ये अशा फंक्शनना कोरूटीन म्हटलं होतं. पायथन 2.5 (2006) मध्ये गिडो व्हान रॉसम आणि फिलिप एबी यांच्या प्रस्तावाने थांबलेल्या जनरेटरमध्ये बाहेरून मूल्य पाठवायची सोय झाली. पायथन 3.3 (2012) मध्ये ग्रेग यूइंग यांचं 'यील्ड फ्रॉम' आलं, म्हणजे थांबणारं फंक्शन दुसऱ्या थांबणाऱ्या फंक्शनवर काम सोपवू लागलं. आता कोड पुन्हा वरून खाली वाचता यायला लागला.

एकच लूप ठरवूया

डिसेंबर 2012 मध्ये व्हान रॉसम यांनी स्वतः पेप 3156 लिहिला. पेप म्हणजे पायथनमध्ये बदल सुचवणारा अधिकृत प्रस्ताव. कोडचं टोपणनाव होतं 'ट्युलिप'. ट्रान्सपोर्ट आणि प्रोटोकॉल ही विभागणी त्यांनी ट्विस्टेडकडून घेतली आणि थांबण्याची रीत यील्ड फ्रॉमकडून. मुख्य हेतू मात्र वेगळा होता: सगळ्यांनी मान्य करावी अशी लूपची एक ठरलेली रूपरेषा. आतला लूप कुणाचाही असो, बाहेरून तो सारखाच दिसावा. मार्च 2014 मध्ये पायथन 3.4 बरोबर हेच 'असिंकआयओ' या नावाने आलं.

या रूपरेषेचा फायदा लवकरच दिसला. 2016 मध्ये युरी सेलिवानोव्ह यांनी नोड-जेएसच्या पोटातली लिबयूव्ही लायब्ररी वापरून यूव्हीलूप बनवला. वापरणाऱ्याला फक्त लूप बदलायचा होता, बाकी कोड तसाच.

त्याआधी, 2015 च्या पायथन 3.5 मध्ये, सेलिवानोव्ह यांच्याच प्रस्तावाने 'असिंक' आणि 'अवेट' भाषेत आले. ही जोडी सी-शार्पमध्ये 2012 पासून होती. त्याच वर्षी बॉब नायस्ट्रॉम यांनी एका गाजलेल्या लेखात या पद्धतीची किंमत दाखवून दिली. त्यांच्या मते फंक्शनना जणू दोन रंग येतात. असिंक फंक्शनला साध्या फंक्शनमधून नेहमीसारखं बोलावता येत नाही, म्हणून एक फंक्शन असिंक केलं की त्याला बोलावणारं, मग त्यालाही बोलावणारं, असा रंग वर चढत जातो. आक्षेप खराच आहे. पण दुसरी बाजूही बघा: 'अवेट' दिसला की इथे आपला कोड थांबू शकतो आणि मधल्या वेळात दुसरा कोड चालू शकतो, हे वाचणाऱ्याला कळतं. थ्रेडमध्ये हे कुठेही होऊ शकतं आणि कोडवर त्याची खूण नसते.

मग नोटबुकमधला लूप कुणाचा?

आता त्या एररकडे वळू. ज्युपिटरचा पूर्वज, म्हणजे आयपायथनचं वेब नोटबुक, डिसेंबर 2011 मध्ये आलं. तेव्हा असिंकआयओ नव्हतं, म्हणून ते टोर्नेडोवर उभं केलं. 2018 मध्ये टोर्नेडो 5 आलं आणि पायथन 3 वर त्याने स्वतःचा वेगळा लूप सोडून असिंकआयओचाच लूप वापरायला सुरुवात केली. म्हणजे तुमचा सेल चालवणारा कर्नल आज स्वतःच एका असिंकआयओ लूपच्या आत बसलेला आहे. 'रन' नवा लूप सुरू करू पाहतं, आणि एका थ्रेडमध्ये एकच लूप हा नियम आडवा येतो.

त्याच वर्षीच्या आयपायथन 7 पासून यावर सरळ उपाय आहे: नोटबुकच्या सेलमध्ये 'रन' लिहूच नका, थेट 'अवेट' लिहा. फाइल म्हणून चालवायच्या स्क्रिप्टमध्ये 'रन' ठेवा.

हरवलेल्या तीन रेकॉर्डचं काय?

असिंकआयओच्या सुरुवातीच्या रचनेत एक ढिलाई होती. 'क्रिएट टास्क' म्हटलं की काम पाठीमागे सुरू होतं आणि आपण पुढे जातो. ते काम मध्येच कोसळलं आणि आपण त्याचा निकाल कधी मागितलाच नाही, तर एरर आपल्यापर्यंत येत नाही. फार तर टास्क मेमरीतून पुसला जाताना लॉगमध्ये एक ओळ उमटते, आणि शेकडो ओळींत ती कुणी बघत नाही. इतकंच नाही, टास्कचा संदर्भ कुठेच जपून ठेवला नाही तर तो अर्ध्यातच नाहीसा होऊ शकतो. असिंकआयओचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच हा इशारा देतं. प्रोग्रॅम मात्र 'झालं' म्हणून मोकळा होतो. 600 मधले 597 आपल्या टेबलात येतात, सरासरी निघते, आलेख होतो, प्रकरण लिहून होतं.

मार्टिन सुस्त्रिक यांनी 2016 मध्ये आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी 2018 च्या निबंधात यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं: सुरू केलेलं प्रत्येक काम कुठल्या तरी चौकटीच्या आत असलं पाहिजे, आणि आतली सगळी कामं संपल्याशिवाय चौकटीबाहेर पडता येऊ नये. स्मिथ यांची ट्रायो लायब्ररी याच तत्त्वावर आहे. ऑक्टोबर 2022 च्या पायथन 3.11 मध्ये हीच कल्पना 'टास्क ग्रुप' म्हणून असिंकआयओत आली. गटातलं एक काम कोसळलं की बाकीची रद्द होतात आणि एरर तुमच्यासमोर येऊन उभी राहते.

आपल्या कामासाठी

संशोधन सुरू करणाऱ्यांना यातून चार गोष्टी घेता येतील.

एक, आधी काम ओळखा. स्क्रिप्ट नेटवर्कची वाट बघत असेल तरच असिंक. गणित जड असेल तर वेगळे प्रोसेस वापरा.

दोन, समोरच्या सर्व्हरचा नियम लूपने बदलत नाही. एनसीबीआयची ई-युटिलिटीज सेवा एपीआय की नसेल तर सेकंदाला 3 विनंत्यांपर्यंतच परवानगी देते, की असेल तर साधारणपणे 10. एकेक विनंती 2 सेकंदांची धरली तर 600 विनंत्या ओळीने केल्यावर 1200 सेकंद लागतील. असिंकने 3 च्या मर्यादेत राहून 200. त्याहून घाई केली तर तुमचा आयपी अडवला जाऊ शकतो, आणि कॅम्पसचा आयपी अनेकांचा मिळून एकच असेल तर शिक्षा सगळ्यांना.

तीन, नव्या कोडमध्ये टास्क ग्रुप वापरा. 600 पैकी एक फसला म्हणून सगळं थांबायला नको असेल, तर प्रत्येक कामाच्या आतच एरर पकडा आणि फसलेल्यांचे क्रमांक वेगळ्या फाइलमध्ये लिहा. शेवटी मागवलेले, आलेले आणि फसलेले यांची बेरीज जुळते का ते कोडलाच तपासायला लावा.

चार, पायथनची आवृत्ती थीसिसमध्ये नोंदवा. 2023 च्या पायथन 3.12 मधून असिंककोर काढून टाकलं आहे. जुना यील्ड फ्रॉमचा कोरूटीन डेकोरेटर त्याआधीच, 3.11 मध्ये गेला. पीएचडी चार-पाच वर्षं चालते, तेवढ्या काळात या क्षेत्रातले शब्दही बदलतात. पहिल्या वर्षी लिहिलेली स्क्रिप्ट व्हायव्हाच्या आधी परत चालवायची वेळ आली, तर ती कोणत्या पायथनवर चालत होती हे कुठेतरी लिहिलेलं असलं पाहिजे.