शालेय दूरचित्रवाणी, भारतातील

शालेय दूरचित्रवाणी, भारतातील : शाळेतील अध्यापनास साहाय्य व्हावे या हेतूने मुद्दाम तयार केलेले कार्यक्रम ठरावीक वेळी प्रक्षेपित करून ते वर्गात दाखविण्याच्या व्यवस्थेस शालेय दूरचित्रवाणी म्हणतात. शैक्षणिक तंत्रविज्ञानाची ती एक शाखा होय. भारतात तिचा आरंभ १९६१ साली दिल्लीत झाला. तथापि तिच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण म्हणजे १९७५-७६ मधील उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग (साइट) हे होय. यंत्र चालते की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रयोगाने वर्षभरात दिले. यंत्रासमोर बसलेल्या मुलाला व त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाला त्यातून काय लाभते, हा प्रश्न मात्र पुढील प्रत्येक योजनेत नव्याने उपस्थित झाला.

दूरचित्रवाणीपूर्वी शाळांना नभोवाणीच्या पाठांचा परिचय झालेला होता. केवळ ऐकण्याने शिक्षण होत नाही, ऐकल्यानंतर चर्चा घडावी लागते, हे तत्त्व महाराष्ट्रात १९५६ साली यूनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या ग्रामीण श्रोतृमंडळांच्या प्रयोगात प्रत्यक्ष पडताळून पाहण्यात आले. पुणे, नाशिक, अहमदनगर, कोल्हापूर इ. जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांचे गट कार्यक्रम ऐकून त्यावर चर्चा करीत. नुसते नभोवाणी संच असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ अधिक झाल्याचे आढळून आले. हा प्रयोग प्रौढांसाठी होता. परंतु त्याचा निष्कर्ष शाळांनाही तितकाच लागू पडणारा होता.

दिल्लीतील दूरचित्रवाणी केंद्र १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने तेथे २४ ऑक्टोबर १९६१ पासून माध्यमिक शाळांसाठी नियमित पाठ प्रक्षेपित होऊ लागले. राजधानीतील शाळांची संख्या झपाट्याने वाढत होती; प्रयोगशाळा व विज्ञानाचे प्रशिक्षित शिक्षक त्या मानाने अपुरे होते. ही उणीव पडद्यावरील प्रयोगांनी काही अंशी भरून काढावयाची, अशी कल्पना होती. पाठ अभ्यासक्रमाशी बांधलेले असत. तथापि शहरापुरत्या मर्यादित असलेल्या या सेवेचा लाभ ज्यांना शिक्षकही मिळत नव्हता अशा खेड्यांतील मुलांना होणे शक्य नव्हते. मुंबई केंद्र सुरू होण्यास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला, यावरून जमिनीवरील प्रक्षेपकांच्या विस्ताराची गती ध्यानात येते.

दूरचित्रवाणीचा विस्तार शहरांकडून खेड्यांकडे न होता खेड्यांपासूनच व्हावा, हा विचार विक्रम साराभाई (१९१९–७१) यांनी आग्रहाने मांडला. त्याला अनुसरून १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारत व अमेरिका यांच्यात करार झाला. अमेरिकेच्या नासा या संस्थेने एटीएस-६ हा उपग्रह ३० मे १९७४ रोजी सोडला आणि अमेरिकेतील कार्य आटोपल्यावर तो पूर्व आफ्रिकेवर, ३५° पूर्व रेखांशावर आणून ठेवला. त्याच्यावरील छत्रीसारखा उघडणारा आकाशक सु. ९ मी. व्यासाचा होता. उपग्रहाची शक्ती अशी एकवटली गेल्याने जमिनीवरचे ग्राहक साधन साधे व स्वस्त ठेवता आले : कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तशा जाळीचा सु. ३ मी. व्यासाचा आकाशक, एक परिवर्तक आणि हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनविलेला दूरचित्रवाणी संच. साराभाईंच्या निधनानंतर हे कार्य अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात यश पाल यांच्या नेतृत्वाखाली पार पडले. प्रकल्पाचे व्यवस्थापन मूळचे कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते.

प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा बरोबर एक वर्ष चालला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांच्या २० जिल्ह्यांतील सुमारे २,४०० गावांत संच बसविण्यात आले. काही गावांत वीज नसल्याने ते विद्युत् घटमालेवर चालवावे लागले. महाराष्ट्रातील गावांचा त्यांत समावेश नव्हता. मात्र मुलांसाठीच्या विज्ञानविषयक कार्यक्रमांची निर्मिती मुंबईतील कलागृहात होत असे. (उपग्रहाद्वारे संदेशवहनाची कल्पना १९४५ साली मांडणारे लेखक आर्थर सी. क्लार्क हे कोलंबोस राहत. त्यांच्या घरीही भारतीय अभियंत्यांनी असा एक संच बसवून दिला होता.) एवढ्या विखुरलेल्या संचांपैकी बहुतेक संच कोणत्याही वेळी चालू स्थितीत राहिले, याचे श्रेय जिल्हावार नेमलेल्या देखभाल पथकांना द्यावे लागते. उपग्रहाची कीर्ती सर्वत्र झाली. सुटे भाग घेऊन खेडोपाडी फिरणाऱ्या या तंत्रज्ञांचा उल्लेख क्वचितच होतो.

दररोज चार तासांच्या प्रक्षेपणापैकी सकाळचा दीड तास ५ ते १२ वयोगटातील मुलांसाठी राखलेला होता. हिंदी, कन्नड, ओडिया व तेलुगू या चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटे मिळत. पाठ्यपुस्तकातील धडे शिकविण्याचा उद्देश नव्हता. मुलांची जिज्ञासा जागृत करणे, आरोग्याच्या सवयी लावणे आणि शाळा आनंददायक करून मुलांची गळती थांबविणे ही उद्दिष्टे होती.

अडचण भाषेपासूनच सुरू झाली. ‘हिंदी’ या एका नावाखाली चंपारणमधील भोजपुरी, दरभंग्याची मैथिली, रायपूरची छत्तीसगढी व कोट्याची हाडौती बोलणारी मुले एकत्र आणलेली होती. पाटण्याच्या किंवा दिल्लीच्या सुशिक्षिताला सोपी वाटणारी हिंदी या सहा-सात वर्षांच्या मुलांच्या घरात बोलली जात नव्हती. दुसरी अडचण वर्गाच्या रचनेची होती. गावात संच एकच, त्यामुळे पहिलीपासून पाचवीपर्यंतची सर्व मुले त्याच्यासमोर एकत्र बसत. पहिलीतल्या मुलाला जे अवघड ते पाचवीतल्या मुलाला बाळबोध वाटे. कार्यक्रमाआधी विषयाची ओळख करून द्यावी व नंतर प्रश्नोत्तरे घ्यावीत, अशी शिक्षकाकडून अपेक्षा होती; परंतु दोन-तीन वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला ती पेलणे कठीण होते.

शिक्षकाची ही कोंडी आयोजकांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्राने याच उपग्रहाचा उपयोग करून सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना सुटीच्या काळात विज्ञानशिक्षणाचे प्रशिक्षण दिले. दूरचित्रवाणी, नभोवाणी, छापील साहित्य आणि हाताने करावयाचे प्रयोग यांची त्यात सांगड घातलेली होती. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण प्रयोगातील सर्वांत दूरदर्शी भाग हाच होता. मुलाला थेट शिकवू पाहणारा कार्यक्रम साडेबावीस मिनिटांत संपतो. प्रशिक्षित शिक्षक मात्र पुढील वीस-पंचवीस वर्षे वर्गात उभा असतो.

मूल्यमापनाचे निष्कर्ष संमिश्र होते. दूरचित्रवाणी पाहणाऱ्या मुलांच्या भाषिक विकासात आणि इतर साधनांतून माहिती मिळविण्याच्या आवडीत स्पष्ट वाढ दिसली. शालेय विषयांतील संपादनात किंवा गळतीच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही. काहींनी याला अपयश ठरविले. ते पटण्यासारखे नाही. मूल शाळा सोडते ते बहुधा गुरे राखण्यासाठी, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी किंवा मजुरीसाठी. ती कारणे पडदा दूर करू शकत नाही. भाषेची वाढ ही मात्र लहान गोष्ट नव्हे.

वर्ष संपताच उपग्रह अमेरिकेला परत गेला. काही भागांत पुढे जमिनीवरील प्रक्षेपकांनी सेवा चालू ठेवली आणि गुजरातमधील खेडा जिल्ह्यात स्थानिक बोलीतील कार्यक्रमांचा स्वतंत्र प्रकल्प चालला. त्याला १९८४ मध्ये यूनेस्कोचे पारितोषिक मिळाले. इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये सोडल्यानंतर शालेय सेवेचे पुनरुज्जीवन झाले आणि या वेळी महाराष्ट्राचाही समावेश झाला. मराठी कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी १९८४ साली पुण्यास राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ‘बालचित्रवाणी’ या नावाने ती घरोघरी परिचित झाली. मराठी मुलांच्या एका पिढीने विज्ञानातील कित्येक प्रयोग प्रथम तिच्या पडद्यावर पाहिले.

त्यानंतरच्या योजनांचा वेग वाढत गेला. सुमारे २५० शाळांत बीबीसी बनावटीचे संगणक देणारा ‘क्लास’ प्रकल्प १९८४-८५ मध्ये सुरू झाला. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला एज्युसॅट उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी सोडण्यात आला व २०१० मध्ये त्याची सेवा संपली. शिक्षक व विद्यार्थी यांच्यासाठी ‘दीक्षा’ हे अंकीय व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी उपलब्ध झाले. प्रत्येक वेळी साधन नवे होते. देखभालीची तरतूद, शिक्षकाचा वेळ आणि मुलाची बोली यांबाबतचे प्रश्न मात्र १९७५ चेच होते. साइटच्या अनुभवाची नोंद उपलब्ध असताना तिच्याकडे इतके दुर्लक्ष व्हावे, हे नवल आहे.

केंद्राचे अनुदान थांबल्यानंतर २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद करण्यात आली. मार्च २०२० मध्ये कोव्हिड साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अंकीय पाठ भ्रमणध्वनीवर आले. पण ज्या घरांत असा फोन नव्हता किंवा गावात जाळे पोचत नव्हते, तेथील मुलांचे काय करावे हे सुचेना. पालघर जिल्ह्यातील दांडवळ या गावी ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविण्यात आले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातील पाठ बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेले होते आणि ते पाहण्यास घरचा साधा दूरचित्रवाणी संच पुरत असे.